उलट शिवलेली पुस्तकं

हिरा, त्या सकाळी आपण गाळ्यात खळ शिजवली. तू स्टुलावर बसून पातेल्यातला मैदा ढवळत होतीस आणि मी खाली बसून मोरचूद कुटत होतो. माझा अंदाज चुकला, मोरचूद जास्त पडला आणि खळ निळी झाली. तू पातेल्यात बघून म्हणालीस, "आता झुरळांची कसली भीती. गिऱ्हाईकच मरंल." मग हसलीस. हसताना दम लागला म्हणून हसणं अर्ध्यात सोडलंस.

नंतर तू कॉमिकचे सगळे अंक मांडीवर घेतलेस, आधी शिवलेली पुस्तकं उसवून काढलेले सुद्धा. लावायचं काम तुझं आणि शिवायचं माझं, हे आपलं लग्नापासूनचं. तू शेवटचा अंक सगळ्यांत वर ठेवलास. त्याच्याखाली त्याच्या आधीचा, त्याच्याखाली त्याच्याही आधीचा, असं करत पहिला अंक सगळ्यांत खाली गेला. मी बघत होतो. म्हटलं, "उलटं लागतंय." तू वर न बघता म्हणालीस, "शिवा." मी दाभणाने भोकं पाडली, दोऱ्याला मेण लावलं आणि शिवलं. पुठ्ठा डकवला. ओल्या पुठ्ठ्यावरून तू तळहात फिरवलास. मी वजनाला वर पाटा ठेवला.

दुपारी सुकटाची चटणी आणि भाकरी खाल्ली. तू अर्धीच खाल्लीस. "जरा टेकते," म्हणालीस आणि रद्दीच्या गठ्ठ्याला पाठ लावलीस. फळीपलीकडे, शेजारच्या गाळ्यात, व्हिडिओ गेम चालू होता. मी एका गिऱ्हाइकाला पुस्तक देऊन मागे वळलो तर तुझा पदर जमिनीवर आला होता. तू पदर कधी जमिनीला लागू द्यायची नाहीस. तेवढ्यावरून मला कळलं.

परवा तुझं बारावं झालं. आता घरात कोणी नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण तू असताना आपली जी भांडणं अर्धी राहिली ती कोणापुढे बोलू? तुझ्यापुढेच बोलतो, लिहून. तू मध्ये बोलणार नाहीस, एवढाच फरक.

इक्बालने शेजारी गेम झोन टाकला तिथून हे सुरू झालं. तो कुवेतवरून परत आला, बाजूचा गाळा घेतला, आत मोठे टीव्ही लावले. आपल्या आणि त्याच्यामध्ये एक प्लायवूडची फळी. फळीतून सगळं ऐकू यायचं. सगळ्यांत जास्त चालायचा तो एकच गेम, "आखिरी पहरा". दोन शक्तिमान माणसं. एकाच्या हातातून आग निघते, तो ज्वालाधर. दुसरा धुकं सोडतो आणि त्यात नाहीसा होतो, तो कुहासा. दोघं एका जळालेल्या बंदरावर समोरासमोर उभे राहतात आणि एक जाडा आवाज हिंदीत बोलतो, "बचेगा एक." मग मारामारी. एक मरतो. पुन्हा पहिल्यापासून.

दिवसभर तो आवाज. तू भाजी निवडताना, मी हिशोबाला बसलेलो असताना, "बचेगा एक." एकदा तू फळीवर लाटणं मारलंस. इक्बाल धावत आला. "चाची, क्या हुआ?"

"तुझ्या त्या मेल्याला सांग, एकच वाचनार हाय तर लवकर काय तो वाचू दे. माझं डोकं वाचत नाय."

तो हसून गेला आणि दुसऱ्या दिवशी आवाज तेवढाच.

आपला धंदा तेव्हाच बसायला लागला होता. वाचायला पुस्तकं भाड्याने नेणारी माणसं मोबाईलमध्ये गेली. तेवढ्यात त्या गेमवर कॉमिक निघाली. हिंदीत. इक्बालच्या गेमला येणारी सगळी गिऱ्हाइकं ती मागायला लागली. नवी घेणं आपल्याला परवडत नव्हतं, म्हणून मी रद्दीवाल्याला सांगून ठेवलं. त्याच्याकडून आधी एक गठ्ठा आला, एक ते सहा नंबर. तू लावले, मी शिवले, एक पुस्तक झालं. काही महिन्यांनी दुसरा गठ्ठा आला. त्याच्यावरही एक ते सहा. आपण म्हटलं, पुढची गोष्ट असेल, नंबर नव्याने टाकले असतील. आपल्या धंद्यात जे आधी येतं ते आधी शिवलं जातं. दुसरं पुस्तक शिवलं, त्याच्या पाठीवर तू खडूने "२" लिहिलंस.

तू सातवी पास. हिंदी तुला वाचता यायचं. गाळा बंद करायच्या आधी तू मला वाचून दाखवायचीस, आणि ज्वालाधरचं तोंड पहिल्यांदा बघितलंस तेव्हा पुस्तक माझ्यापुढे धरलंस.

"कोन दिसतो?"

मी म्हटलं, "कोन दिसतो?"

"नाना. माझा नाना. जबडा बघा. रागावल्यावर असाच पुढं येतो."

खरंच नानासारखा होता. तुझा थोरला भाऊ, उरणकडचा, बैलासारखी मान. तू पुढे म्हणालीस, "आनि हा धुकंवाला म्हनजे तुमी. काय विचारलं की धूर सोडून पसार."

त्या दिवसापासून त्या पुस्तकात ज्वालाधर आणि कुहासा राहिले नाहीत. नाना आणि मी राहिलो.

माझं आणि नानाचं का बिघडलं ते तुला माहीत आहे, पण मला माझ्या तोंडाने एकदा नीट सांगू दे. तुमच्या वडलांचं मिठागर होतं. लहानपणी तू त्याच्या बांधावरून अनवाणी चालायचीस, तुझ्या टाचा त्याच मिठाने फुटल्या. नानाने ते मिठागर कंटेनरच्या यार्डाला दिलं. सगळेच देत होते, मला त्याचं काही नाही. पण त्याने तुला विचारलं नाही. नानाच्या पोरीच्या, आपल्या भाचीच्या हळदीला जेवायला बसलो होतो, नवऱ्याकडची माणसं समोर होती, आणि नाना त्यांना आपलं यार्ड किती मोठं ते सांगत होता. मी म्हटलं, "बापाच्या मिठावर ट्रक उभे केलेस आनि त्याच मिठावर वाढलेल्या पोरीला हळद लावतोस. बहिनीला एक शब्द विचारलास का?"

नाना म्हणाला, "दाजी, पानावरून उठा."

मी उठलो. तू पण उठलीस. तेव्हापासून त्याच्या घरी मी गेलो नाही, तो आपल्याकडे आला नाही.

माझं बोलणं खोटं नव्हतं. आजही नाही म्हणत. तू म्हणायचीस, "खोटं नव्हतं, पन हळदीचं नव्हतं." मी म्हणायचो, खरं बोलायला मुहूर्त लागत नाही. तू म्हणायचीस, लागतो. भांडण तिथेच यायचं आणि तिथेच थांबायचं.

आपल्याला मूल नाही. माहेरचा तुझा एकच भाऊ. तुझं माझ्याकडे आयुष्यात एकच मागणं राहिलं होतं, "मी मरायच्या आत तुमी दोघं एकमेकांशी बोला." साडी मागितली नाहीस, देवदर्शन मागितलं नाहीस. हे मागितलंस, आणि रोज मागितलंस. मी रोज नाही म्हटलं.

तर ते पुस्तक. पहिल्या पुस्तकात, म्हणजे आपण जे पहिलं शिवलं त्यात, नाना आणि मी भांडतो. बंदरात मोठा स्फोट होतो. ज्वालाधर म्हणतो, आता माणसांवर विश्वास नको, मी पहारा देतो. शहराला फाटकं बसवतो. कोण आलं, कोण गेलं, सगळं त्याला कळलं पाहिजे. ऐकलं नाही तर हात तापतात. कुहासा म्हणतो, हा पहारा नाही, ही कोठडी आहे. ज्वालाधर त्याच्या गालावर तापलेला हात मारतो. गालावर लांब डाग पडतो. कुहासा धुक्यात निघून जातो.

तुला ते वाचताना बरं वाटत नव्हतं. मध्ये थांबायचीस, पाणी प्यायचीस. बाहेर ट्रेलर गेला की गाळ्याच्या फळ्या हलायच्या.

आणि दुसऱ्या पुस्तकात ते दोघं पाण्याच्या टाकीवर बसून मक्याची कणसं खातात. ज्वालाधर आपल्या हातावर कणीस भाजून कुहासाला देतो. दोघं हसतात. तू ते पान वाचलंस आणि पुस्तक छातीशी धरलंस.

"बघा," म्हणालीस. "एवढं होऊन परत बसले का नाय?"

मी म्हटलं, "गालावरचा डाग कुठं गेला?"

"भरला. जखम काय जन्मभर राहते?"

"कपडे पन वेगळे हायत."

"नवे शिवले असतील. समेट झाल्यावर मानूस जुने कपडे घालील का?"

तुझ्याकडे सगळ्याचं उत्तर होतं. त्या आठवड्यात तू मला रोज विचारलंस, "मग कधी जायचं नानाकडं?" पुस्तकातले दोघं बसतात, मग तुम्ही का नाही. मी म्हणायचो, चित्रं आहेत ती. तू म्हणायचीस, चित्रांना जमतं ते तुम्हाला जमत नाय.

मग एक दिवस गिऱ्हाईक पुस्तक परत घेऊन आलं. म्हणालं, काका, भाग उलटे लागलेत. इक्बाल बाजूलाच उभा होता, त्याने दोन्ही पुस्तकं चाळली आणि पोट धरून हसला. "चाचा, तुमी दुसरा भाग पयला शिवला. कव्हरवर बारीक लिवलंय बघा. हे कणीसवाले पयले. दोस्ती आधीची. भांडण नंतरचं."

मी विचारलं, "आनि भांडणानंतर?"

"भांडणानंतर गेम." त्याने फळीकडे बोट केलं. "चाचा, गेम आधी आला, पुस्तक मागून निघालं. पण पुस्तकात गेमच्या आधीची स्टोरी आहे. पुस्तक संपणार तिथं गेम चालू होणार. जळालेलं बंदर, दोघं आमने-सामने. एक मरणार. सगळ्यांना मालूम आहे शेवट."

"मग वाचतात कशाला?"

"कसे गेले तिथवर, ते बघायला."

तो गेला. तू आत बसून सगळं ऐकलं होतंस. आवाज बारीक करून मला विचारलंस, "म्हनजे कनसं आधी?"

"आधी."

"आनि डाग नंतर?"

"नंतर."

"मग तो भरतो का नाय?"

मी म्हटलं, "नाय भरत. पुढं गेम हाय."

मी तेव्हा दुसरं काही सांगू शकलो असतो. पण मला दुसरं काही सुचत नाही कधी. तू मला नवरा केलास तेव्हा हे तुला माहीत होतं.

मी म्हटलं, आण, खडूचा नंबर पुसून सरळ टाकतो. तू दोन्ही पुस्तकं ओढून घेतलीस आणि पिशवीत घातलीस. "हात लावायचा नाय," म्हणालीस. "मी लावलंय ते बरोबर हाय. त्यांनी छापलंय उलट." आणि तशीच ती पुस्तकं भाड्याने जात राहिली. गिऱ्हाइकं तक्रार करायची, तू म्हणायचीस, आमच्याकडं असंच असतं.

त्यानंतरचं वर्ष मला आवडलं नाही. एकेक गोष्ट अशी होत गेली की मला वाटायचं, कोणीतरी आपलं पान उलटतंय आणि पुढचं पान आपण आधीच बघितलंय.

नानाने यार्डांना वॉचमन पुरवायचा धंदा काढला. द्रोणागिरीकडे गेटावर जी काळ्या शर्टाची माणसं उभी असतात ती त्याची. शिरढोणचं एक गिऱ्हाईक सांगत होतं की त्या माणसांनी एका ड्रायव्हरला फाटकात गाठून झोडपलं, आणि नाना खुर्चीवर बसून बघत होता. गावची माणसं त्याच्या पारावर बसेनाशी झाली. तू ऐकलंस आणि म्हणालीस, "नाना असा नव्हता." एवढंच. मला म्हणायचं होतं, असाच होता, तुला दिसत नव्हता. ते मात्र मी गिळलं. माझ्या खात्यात एवढं एक तरी जमा कर.

तुझे पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा. तू त्यांना विचारलंस, "किती जपू?" त्यांनी खाली बघितलं. जिना उतरताना तू मला म्हणालीस, "डॉक्टरला पन शेवट मालूम हाय. सगळ्यांना मालूम असतो. फक्त गिऱ्हाइकाला नाय सांगत."

मी म्हटलं, "गप बस."

"गप बसते. तुमी नानाशी बोला."

नवे अंक येत राहिले, आपण शिवत राहिलो. प्रत्येक अंकात ज्वालाधरची फाटकं वाढत गेली. शेवटी शेवटी तर चित्रात माणसंच नव्हती, नुसती फाटकं आणि लाल आभाळ. उरणच्या गॅस प्लांटच्या चिमणीची जी आग रात्रंदिवस जळते, तुझ्या माहेरच्या अंगणातून दिसते, तसं आभाळ. तू त्या पानावर बोट ठेवायचीस. "हे आमचंच," म्हणायचीस. फळीपलीकडे ते दोघं दिवसभर एकमेकांना मारायचे, आणि तू म्हणायचीस, "तिकडं रोज मरतात, माझ्या मांडीवर अजून जिते हायत." मला ते ऐकून काटा यायचा. मी म्हणायचो, टाकून दे ही पुस्तकं. तू म्हणायचीस, "शेवटचा अंक येऊ दे. बघू तरी."

एक दिवस भांडलो आपण त्याच्यावरून, तू जायच्या आधी थोडेच दिवस. तू म्हणालीस, "लिहिनाऱ्यानं मनात आनलं तर बदलता येत नाय का?"

मी म्हटलं, "नाय येत. गेम आधी विकून झालाय. त्याचा शेवट ठरलाय. पुस्तकवाल्याचे हात बांधलेत."

"आनि तुमचे कोनी बांधलेत?"

मी उठून बाहेर गेलो. स्टँडवर एक चहा प्यालो, मग दुसरा. परत आलो तर तू झोपली होतीस किंवा झोपल्यासारखी पडली होतीस. ते भांडण तिथेच राहिलं. उत्तर मी अजून दिलेलं नाही.

तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी शेवटचा अंक आला. इक्बालने स्वतःच्या पैशाने नवा कोरा आणला होता, तुझ्यासाठी. "चाची, आखरीवाला." तू पुस्तक बांधल्याशिवाय कधी वाचायची नाहीस, सुटं पान उघडायची नाहीस, ते मला माहीत. पण मी तुला बघितलं. तू शेवटचं पान बघितलंस. जळालेलं बंदर होतं, दोघं समोरासमोर, आणि खाली काही लिहिलेलं नव्हतं. मग अंक मिटलास आणि मला विचारलंस, "सकाळी खळ करायची का?"

म्हणून तू दुसऱ्या दिवशी उलटं लावलंस. या वेळी चूक नव्हती. बंदराचा अंक पहिला, आणि तिथून मागे मागे जात सगळ्यांत खालच्या अंकात दोघं पाण्याच्या टाकीवर कणसं खात बसलेले. मला तेव्हाच कळलं होतं. आणि मी शिवलं. जन्मात मी तुझं एवढं मुकाट्याने कधी ऐकलं नव्हतं. का ऐकलं ते मला विचारू नकोस.

आता तू गेल्यानंतरचं सांगतो, ते तुला माहीत नाही.

इक्बालने फळीपलीकडचे सगळे टीव्ही बंद केले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आवाज थांबला आणि मला ती शांतता सहन होईना. त्यानेच नानाला कळवलं. नाना आला. पांढरी गाडी, काळ्या शर्टाची दोन माणसं. गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या पायात चप्पल नव्हती, घरून तसाच निघाला होता. आत येऊन तुझ्या पायाशी बसला आणि तुझ्या टाचा हातात धरून बसला. माझ्याकडे बघितलं नाही. मी पण नाही.

गाढी नदीच्या काठी तुला नेलं. मीच अग्नी देणार होतो, दुसरं कोण आहे. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन मी फेरा घ्यायला लागलो आणि मडक्याला भोक पाडायला दगड घेऊन माणूस पुढे झाला, तो नाना. तुझ्याकडचा म्हणून त्यालाच पुढे केलं लोकांनी. हिरा, मी पुढे चालतोय, खांद्यावर मडकं, आणि माझ्या पाठीमागे तो हातात दगड घेऊन. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. पहिला फटका बसला तेव्हा माझे खांदे आपोआप वर आले. पाणी माझ्या पाठीवरून खाली गेलं. दुसऱ्या फेऱ्याला फटका. तिसऱ्याला. मग त्याने दगड टाकला आणि तो मागे सरला. मी वळून बघितलं नाही. तुझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी घरात चूल नाही. आपल्यात कडू घास माहेरकडून येतो. तुझी वहिनी डबा घेऊन आली आणि नानाने तो तिच्या हातातून घेऊन उंबऱ्याच्या आत ठेवला. मी भिंतीला टेकून बसलो होतो, तो दारात उभा होता, आमच्यामध्ये दोन हात अंतर. तो इक्बालला म्हणाला, "त्यांना सांग, जेवा म्हनावं."

इक्बाल माझ्याकडे वळला. "चाचा, ते म्हणतात जेवा."

मी म्हटलं, "त्याला सांग, भूक नाय."

"नानाशेठ, भूक नाही म्हणतात."

"सांग, तिच्यासाठी खायचं असतं. भूक लागते म्हनून नाय."

इक्बालने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. बिचाऱ्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "मी बाहेर उभा राहतो. तुमाला दोघांना जे बोलायचं ते बोला," आणि गेला. तू असतीस तर पातेलं आपटलं असतंस. नाना दारात उभा राहिला. त्याचा जबडा पुढे आलेला. पण रागाने नव्हता आलेला, मी नीट बघितलं. मला तोंड उघडायचं होतं आणि मला भीती वाटली. खरं सांगतो. जे तोंडातून येईल ते मला आधी कळत नाही, हळदीला कळलं नव्हतं, आणि आता चूक झाली तर ती उसवायला तू नाहीस. वहिनीने त्याच्या दंडाला हात लावला. दोघं गेले.

डबा मी उघडला नाही. तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. तुझ्या जागेवर पणती होती, तिच्यात तेल घातलं. मग डबा पुढे ओढला. भात आणि वालाचं बिरडं, फोडणी नसलेलं, आणि कडेला कडुनिंबाचा पाला. भात आंबला होता. मी पाला चावला, मग भात खाल्ला, सगळा खाल्ला, डब्याला लागलेली शितं बोटाने काढून खाल्ली. डबा घासला आणि उन्हात पालथा घातला.

नंतर कोनाड्यातून तुझा मोबाईल घेतला. माझ्याकडे मोबाईल नाही, आणि तुझ्यात नावं वाचायला मला वेळ लागतो. नानाचं नाव सगळ्यांत वर होतं. मी बटण दाबलं आणि कानाला लावला. तेव्हा मला सुचलं नाही की त्याच्या फोनवर तुझं नाव दिसेल.

त्याने लगेच उचलला. त्याने स्वतःच्या हाताने तुझ्या चितेवर लाकडं रचली होती, तरी तो म्हणाला, "हिरे?"

पलीकडे तो पुन्हा म्हणाला, आता अगदी बारीक आवाजात, "हिरे, बोल ना."

मी म्हटलं, "नाना, मी हाय. जेवलो."

तिकडून नुसता श्वास येत होता. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.